पाट्यावरचं बेलपान

३० जानेवारी, शुक्रवार

बी.पी. १६०/९५. दलिया अर्धी वाटी. गोळ्या दोन्ही वेळच्या दिल्या. उजव्या हातापायाला तेल लावलं, हालचाल नाही. बोलणं नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय, रोजचं लिहून ठेवा. ह्यांनी गोरखपूरहून कुठल्याशा विमा एजंटाची डायरी आणली, "इंदू, तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि मोकळे झाले. हे तिकडे रेल्वेत. रविवारचे येतात आणि संध्याकाळच्या गाडीला पळतात. बाबूजींचं सगळं माझ्याकडे. बाबूजी म्हणजे माझे सासरे, बटुकनाथ दुबे, वय त्र्याहत्तर. डिसेंबरात अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं मात्र सगळं. डाव्या हातात पितळी वाटी असते, काही हवं असलं की ती खाटेच्या दांडीवर आपटतात. मी विचारत जाते, पाणी? चहा? कूस बदलायची? बहुतेक वेळा चहाच असतो.

आज समोरचे चौबे काका आले. खाटेशी बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच मुद्द्यावर आले. "बटुक, शिवरात्र महिन्यावर आली. यंदा पाळी आमच्याकडे येऊ दे. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस."

मला आधीच ठाऊक होतं हे होणार. आमच्या गल्लीत खिडकीवाले महादेव आहेत, भिंतीतल्या कोनाड्याएवढं देऊळ. शिवरात्रीला त्यांना भांगेचा भोग चढतो आणि तो एकसष्ट वर्षं आमच्या घरी वाटला जातोय. आधी बाबूजींचे वडील वाटत, मग बाबूजी. नियम एकच. वाटून झालं की वरवंटा उचलायचा, आणि भांग इतकी बारीक झालेली पाहिजे की वरवंट्याला चिकटून आख्खा पाटा जमिनीवरून उचलला जाईल. मग पाट्याखालून जानव्याचा दोरा ओढून बघतात. पाटा नाही उचलला तर पाळी दुसऱ्या घरी जाते आणि पुन्हा परत येत नाही. इतकी वर्षं चौबे काका टपून बसलेत. आता बरा मोका साधला.

बाबूजींनी वाटी आपटली. मी म्हटलं, चहा? त्यांनी मान हलवली आणि डावा हात उचलून बोट रोखलं. माझ्याकडे.

काका हसले. "सूनबाई? अरे, ही तर भांगेला शिव्या घालते!"

खोटं नाही. चोवीस वर्षं संध्याकाळी या अंगणात चार पुरुष भांग छानून, पिऊन बिनकामाचे हसत बसायचे आणि मी त्यांच्यासाठी भजी तळायची. एकदा मी पाटा विहिरीत टाकते म्हणून धमकीही दिली होती. पण बोट खाली येईना. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं, मला नाही म्हणता आलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. वसंत पंचमी

बी.पी. १५०/९०. आज केशरी भात खाल्ला, चार घास.

परवान्याच्या दुकानातून सुकी भांग आणली. मला वाटलं होतं मेथीसारखी पाल्याची जुडी असेल. पुडकं उघडलं तर पाल्यात गुंतलेले फुलांचे तुरे, त्यात काड्या, बिया, आणि असा काही वास की शेजारच्या खोलीतलं मांजर उठून बघायला आलं. मी सुपात ओतून भाजीसारखं भराभर निवडलं आणि बाबूजींपुढे नेलं. त्यांनी एक तुरा उचलला, अंगठ्याने उलगडला, आतून तीन बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. दुसरा उचलला, दोन बिया आणि केसाएवढी काडी. तिसरा नाकाशी नेला आणि खाटेखाली टाकून दिला. का टाकला? मी वास घेतला, मला काही कळेना. पुन्हा घेतला. मग आतून अगदी पुसट, ओल लागलेल्या गोणपाटाचा वास आला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

ज्या हाताला वाटी आपटण्यापलीकडे काही जमत नाही, तो हात! डावा, म्हणजे आयुष्यभर बिनकामाचा. त्याने शिंकणाऱ्या पोराचं नाक पुसावं इतक्या सहज तो तुरा उघडत होता आणि एक पाकळी मोडत नव्हती. मी दुपारभर त्यांच्याशेजारी बसून निवडलं. सुपातलं तीन वेळा परत आलं. चौथ्या वेळी त्यांनी बोटं फिरवली आणि डोळे मिटले, म्हणजे झालं. बिया मी चटणीला बाजूला ठेवल्या.

चोवीस वर्षं मी समजत होते की ही माणसं पाला कुटून खातात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बी.पी. १५०/९०. दलिया एक वाटी. पूर्ण!

आज भांग धुतली. पहिलं पाणी चहासारखं काळं, दुसरं हिरवं, तिसरं पिवळट. चौथ्याला मी म्हटलं, झालं बाई. बाबूजींनी उशीखालून एक जुना तांब्याचा पैसा काढला आणि पातेल्याकडे बोट केलं. तळाशी टाकला. पाण्यातून दिसला एक काळा ठिपका. पाचव्या पाण्यात गोल कळला. सहाव्यात राजाचं डोकं. सातव्या पाण्यात मी खाली वाकले तर त्यावरचं साल वाचता आलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि बाबूजींच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. हसले!

मग मंद आचेवर उकळली, फडक्यात पिळली. घरभर, गल्लीभर वास. चौबे काकांच्या बायकोने, चौबाइन काकीने, खिडकीतून ओरडून विचारलं, "इंदे, तुझ्या घरात शिवरात्र आज आली का गं?"

सरावाला म्हणून लिंबाएवढा गोळा पाट्यावर घेतला. दोन मिरी, चिमूटभर बडीशेप. तासभर वाटलं. हळद, मिरची, डाळ, सगळं आयुष्यभर वाटत आलेय मी, म्हटलं आपल्याला काय शिकवायचं? बाबूजींनी कणभर उचलून नखावर घासलं आणि नख माझ्यापुढे धरलं. नखावर ओरखडा होता. अजून वाळूच आहे, असं त्यांचं म्हणणं. माझं काय चुकतंय? हाताला जोर आहे, वेळ दिला. पाटाच नीट नसावा. हात फिरवला तर पार गुळगुळीत, वरवंटा नुसता घसरतोय, काही धरतच नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

बी.पी. घ्यायचं राहिलं. आज फार चांगला दिवस.

सकाळी गल्लीत टाकीवाल्याची हाक आली. वर्षातून एकदा मी स्वयंपाकघरातल्या पाट्याला टाकी लावून, छिन्नीने खडबडीत करून घेते, नाहीतर मसाला वाटला जात नाही. एकदम डोक्यात आलं, भांगेच्या पाट्याचं दुखणं हेच की! किती वर्षं टाकी लागली नसेल? पुरुषांच्या हातात दिलेली वस्तू, कोण बघतंय. माझ्या सासूबाईंनी मला असा गुळगुळीत पाटा ठेवू दिला असता का?

दोन्ही पाटे अंगणात आणले. टाकीवाल्याने भांगेच्या पाट्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "दुल्हिन, हाही? नक्की?"

मी म्हटलं, "तुला काम हवंय की नको?"

तो बसला. छिन्नीचा टकटक आवाज अंगणात घुमायला लागला आणि तिकडे बाबूजींची वाटी सुरू. मी चहा नेऊन दिला. प्यायले नाहीत. पुन्हा वाटी. गार झाला असेल म्हणून दुसरा केला. तोही नाही. वाटी आपली चालूच, टाकीवाल्याच्या तालावर. हे पेपर वाचत होते, म्हणाले, "बाबूजींना गंमत वाटतेय, ठेका धरतायत." खरंच तसं वाटत होतं.

पाटा इतका सुरेख झाला! बारीक, सारखे खड्डे, एकावर एक ओळी. माझ्या मनात आलं, महादेवाचं काम आहे तर वर एक बेलपान काढून घ्यावं. मसाल्याच्या पाट्यावर लोक मासा काढतात, तसं. टाकीवाल्याचा हात चांगला, तीन पानं आणि देठ, खोल आणि ठसठशीत. ह्यांनाही आवडलं; भांगेतलं ह्यांनाही माझ्याइतकंच कळतं.

संध्याकाळी पाटा धुऊन बाबूजींच्या खाटेशी नेऊन ठेवला. त्यांनी डावा तळवा त्यावर टेकवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं. चोवीस वर्षांत मी त्यांच्यासाठी आपणहून केलेली ही पहिली गोष्ट असेल, आणि ती त्यांना इतकी लागली. आज झोप चांगली लागेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

बी.पी. १७०/१००. काही खाल्लं नाही. भिंतीकडे तोंड. वाटी वाजवली नाही. कालची कढी जरा आंबट झाली होती, त्याचंच असणार. डॉक्टरांना निरोप दिलाय.

११ फेब्रुवारी, बुधवार

बी.पी. १७०/१००.

काय लिहू?

सकाळी पुन्हा सरावाला बसले होते. नव्या टाकीवर भांग कशी झरझर वाटली जात होती! चौबाइन काकी चुडा-मटार, म्हणजे मटार घातलेले पोहे, घेऊन आली, दारातूनच बोलत, "बघू तरी दुब्यांची सून भांगेची बूटी कशी वाटते," आणि पाटा बघून मटकन खाली बसली. पदर तोंडाशी.

"इंदे, हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं!

"अगं, वैरीसुद्धा असं करत नाही गं."

मग तिने सांगितलं. मसाल्याच्या पाट्याला खड्डे लागतात, भांगेच्या पाट्याला नाही. पाटा उचलायचा तर वरवंटा, भांग आणि पाटा यांच्यामध्ये तिळाएवढीसुद्धा हवा राहता कामा नये. खड्डा म्हणजे हवा. बाबूजींच्या वडिलांनी हा दगड मिर्झापूरहून आणला तेव्हा तो असाच खडबडीत होता. आधी त्यांनी आणि मग बाबूजींनी, एकसष्ट वर्षं रोज संध्याकाळी, केवळ भांग वाटून वाटून तो तसा केला होता. छिन्नीने नाही, हाताने. मी ज्याला घसरतो म्हणाले तो दोन माणसांचा जन्म होता, आणि मी तो एका सकाळी टोचून घेतला. वर बेलपान काढलं.

आणि वाटी. बाबूजी ओरडत होते. ज्या माणसाला ओरडता येत नाही तो जीव तोडून ओरडत होता आणि मी त्याला चहा दिला. दोनदा.

मी जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, वाटी उचलली आणि दांडीवर दोनदा वाजवली. मग भुवया वर करून माझ्याकडे बघितलं, अगदी मी बघते तसं. चहा? मी रडता रडता हसले. ते माझी चेष्टा करत होते! या अवस्थेत, या दिवशी.

संध्याकाळी चौबे काका आले. म्हटलं आता हा माणूस नाचणार. ते पाट्यापुढे उकिडवे बसले, बोट खड्ड्यांतून फिरवलं आणि नाक शिंकरलं. "बटुक, आता?"

बाबूजींनी डावा हात हवेत उचलला आणि गोल फिरवला. म्हणजे वाटत राहा.

"पंधरा दिवसांत? एकसष्ट वर्षांचं काम?"

पुन्हा गोल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बी.पी. १६०/९५. दलिया अर्धी वाटी.

पहाटेच गंगेची वाळू आणून पाट्यावर टाकली आणि पाणी शिंपडून वरवंट्याने घासायला बसले. सकाळी दोन तास, दुपारी दोन. हाताला फोड. खड्डे होते तिथेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

बी.पी. १५०/९०.

चौबे काका रोज येतात, माझी मजा बघायला असतील. आज स्वतःच्या धोतरातून तीनदा गाळलेली वाळू घेऊन आले, पिठासारखी बारीक. "जाड वाळूने नवे ओरखडे पडतात, सूनबाई. आता ही घे." मला वाटलं यात काहीतरी खोच असेल. बाबूजींकडे बघितलं तर त्यांनी मान डोलावली. ठीक आहे, घेतली.

ह्यांना म्हटलं, तुम्ही थोडं घासा. दहा मिनिटं घासलं आणि खांदा धरून बसले. म्हणाले, "इंदू, नवा पाटा आणला तर?" बाबूजींनी वाटी अशी भिरकावली की ती न्हाणीघरापर्यंत घरंगळत गेली. ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

पाटा किती झाला हे बाबूजी कसं बघतात ते लिहून ठेवायला हवं. मी तो उचलून उशीशी धरते. ते डावा गाल त्यावर टेकवतात आणि डोळे मिटतात. मग बोटाने दाखवतात, इथे, आणि इथे. मी तिथे अंगठा फिरवून बघते तर मला सपाट लागतं. दुसऱ्या दिवशी तिथेच घासलं की कळतं, खड्डा होता. गालाला जे कळतं ते माझ्या अंगठ्याला कळत नाही. एवढा मोठा, आडदांड, तालमीतला माणूस, आणि दगडाला असा गाल लावून पडलेला असतो की मी दुसरीकडे बघते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बी.पी. १४५/९०. उजव्या पायाचा अंगठा हलला! डॉक्टरांना सांगायचं.

ओळीतले बारीक खड्डे जवळजवळ गेले. बेलपान जात नाही. तीच हौस नडली, सगळ्यात खोल तेच. माझे फोड फुटून तिथे आता टणक कातडी आलीये. काकीने हात बघितला आणि म्हणाली, "हा दुब्यांचा हात झाला."

दुपारी भांग घेऊन वाटून बघितली. अडीच तास. वरवंटा उचलताना क्षणभर कुणीतरी खालून धरल्यासारखं झालं आणि मग पच् करून सुटला. मी बाबूजींकडे बघितलं. त्यांनाही दिसलं होतं. आम्ही दोघं बराच वेळ त्या पाट्याकडे बघत बसलो, मी खाली आणि ते खाटेवर. घरात देव आला आणि चौकशी करून गेला असं काहीतरी वाटत होतं.

पण बेलपानात हवा राहते. त्याला इलाज नाही. सहा दिवस उरले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बी.पी. १४०/९०.

उद्याची सगळी तयारी केली. निवडताना मीच चार तुरे वास घेऊन टाकले, बाबूजींना विचारलंसुद्धा नाही. मागाहून त्यांनी खाटेखालून तेच उचलून हुंगले आणि परत टाकून दिले. सात पाणी. पैशावरचं साल वाचलं. उकळली, पिळली, फडक्यात बांधून ठेवली. बदाम, मगज, मिरी, वेलदोडे, बडीशेप, गुलाबपाकळ्या वेगळ्या भिजत घातल्यात.

हात आपोआप चालतात. एक गोष्ट मात्र खरी सांगते, इथे कोण वाचतंय. मला भीती वाटतेय. पाळी गेली तर लोक म्हणतील दुब्यांच्या सुनेने घालवली, ते मी सोसेन. पण बाबूजी दिवसभर जे उठून बसतात, गाल लावतात, बोट दाखवतात, ते परवापासून कशासाठी करतील?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही, बोटं मिटत नव्हती. सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आंघोळ करून, उपाशी, अंगणात बसले. बाबूजींची खाट बाहेर आणली. हे रजा काढून आले होते. दहा वाजता वाटायला घेतलं. दुपारपर्यंत अर्धी गल्ली जमली, पुरुष ओट्यावर, बायका खिडक्यांत. कुणीतरी म्हणालं, "बाईच्या हातची बूटी महादेव घेतील का?" काकी वरून कडाडली, "घरात रोज कुणाच्या हातचं गिळतोस रे?"

चार वाजता मी थांबले. नखावर घासून बघितलं, ओरखडा नाही. वरवंटा दोन्ही हातांनी धरला, महादेवाचं नाव घेतलं आणि उचलला.

पच्. वरवंटा वर, पाटा खाली.

बेलपानाच्या जागी भांगेत तीन भोकं पडलेली दिसत होती. हे हळूच म्हणाले, "पुरे, इंदू. खूप केलंस." मी चौबे काकांकडे बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की झालं, आणि पाळी त्यांची. काका समोरच्या गच्चीकडे बघत होते.

"ऊन अजून कठड्यावर आहे," ते म्हणाले. "ते उतरेपर्यंत वेळ महादेवाची. कुणाला घाई असेल त्याने घरी जावं."

या माणसाबद्दल मी महिनाभर काय काय लिहिलंय! ते खोडणार नाही, असू दे, मला लाज वाटायला.

बाबूजींनी हात गोल फिरवला. मी पुन्हा बसले.

पुढचं नीट सांगता येईल का माहीत नाही. मी बेलपानावरच वाटत राहिले, दाबून, थेंबभर पाणी घेत. पहिल्यांदा दगडाचा आवाज येत होता, खरखर. मग तो बारीक झाला. मग थांबला. दगडावर दगड फिरतोय आणि आवाज नाही. खांदे दुखायचे थांबले, की माझ्याकडे खांदे आहेत हे मी विसरले, कुणास ठाऊक. भांगेचा रंग बदलला, वास बदलला, पहिल्या दिवशीचा तो उग्र वास जाऊन ओल्या मातीवर गुलाब पडल्यासारखा झाला. आणि खड्डे भरले. त्या तीन पानांत भांग इतकी बारीक होऊन, इतकी दाबली जाऊन बसली की तिथे हवेला जागाच उरली नाही. जे मी पंधरा दिवस वाळूने घासून घालवू बघत होते ते भांगेनेच भरून काढलं. वरवंटा पुढे ढकलला की मागे ओढला जाई, मागे घेतला की पुढे. पाटा मला धरत होता. मला रडू येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

ऊन कठड्याच्या शेवटच्या विटेवर होतं तेव्हा काका म्हणाले, "सूनबाई."

मी उचलला. आधी वाटलं माझ्यात जोर उरला नाही, वरवंटा हलतच नाहीये. मग बघितलं तर वरवंटा वर येत होता, जड, आणि त्याच्याबरोबर पाटा येत होता. चारी कोपऱ्यांनी. कशाने धरलेला नाही, बांधलेला नाही. मध्ये फक्त वाटलेली फुलं. काका ओणवे झाले, जानवं खाली घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. कुठे अडलं नाही. त्यांनी ते पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढायला लागले तेव्हा मी म्हटलं, "काका, हात तुटतायत!"

मग जो हर हर महादेव झाला तो घाटावर ऐकू गेला असेल.

पाटा खाली ठेवून वरवंटा तिरका करून सोडवला. भांगेची अख्खी वडी वरवंट्याबरोबर निघून आली, आणि ती मी हातावर उलटी केली तर तिच्यावर बेलपान होतं. उठलेलं. तीन पानं, देठ, मधली शीर, सगळं. काकांनी दोन्ही हात जोडले, मला की वडीला ते कळलं नाही.

वडी बाबूजींपुढे नेली. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट पहिल्या पानावरून फिरवलं, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात भांगेने हिरवा झाला होता. केस मी अजून धुतलेले नाहीत.

काकांनी भोग नेला. देवळात जाताना ओरडून सांगून गेले, "दुल्हिन, पुढच्या वर्षी ते पान घासून काढलंस तर माझ्याशी गाठ आहे!" भोग चढल्यावर पहिला कण वाटणाऱ्याचा असतो. बाबूजींनी माझ्याकडे बोट केलं आणि मी तीळभर जिभेवर ठेवीपर्यंत वाटी वाजवत राहिले. कडू, थंड आणि मागून बडीशेपेची गोडी. त्यानंतर काकीच्या नाकातली नथ बघून मला एवढं हसू आलं की ह्यांनी मला आत नेऊन बसवलं. चोवीस वर्षं ते चौघे कशाला हसत होते ते थोडं थोडं कळलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बी.पी. १३०/८५. दलिया पूर्ण वाटी.

सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. वाटी वाजली. दोनदा. हातातलं टाकून धावले. आधी दार बघितलं, टाकीवाला तर नाही ना. मग पाटा बघितला, जागेवर होता. पंखा, औषधं, पांघरूण, खिडकी, मांजर, सगळं बघितलं. बाबूजींच्या समोर बसून एकेक विचारलं. दुखतंय का? चौबे काकांना बोलवू? पाटा हवाय? गाल लावायचाय? ते मान हलवत होते आणि तोंडाची डावी बाजू वर वर जात होती.

शेवटी मी विचारलं, "चहा?"

चहाच हवा होता. दोन वाट्या प्यायले.